तांबट आळीच्या खपल्यांपासून इजिप्शियन निळा: भट्टीच्या नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४

इजिप्शियन निळा घरी तयार करून त्याच्या जलरंगाच्या वड्या पाडायच्या आहेत. माणसाने मुद्दाम बनवलेल्या रंगद्रव्यांतलं हे सर्वांत जुन्यांपैकी एक, वय सुमारे पाच हजार वर्षं. रसायन म्हणून पाहिलं तर कॅल्शियम कॉपर सिलिकेट. लागतं काय, तर वाळू, चुनखडी, तांबं, थोडा सोडा आणि नऊशे अंशांची भट्टी. तयार पावडर परदेशातून मागवता येते, पण भाव आणि वरचा कस्टमचा खर्च पाहून मी तो विचार सोडला. कच्चा माल सगळा पुण्यातच मिळतो.

तांबं आणायला कसब्यात तांबट आळीत गेले. तापवलेल्या भांड्यावर हातोडा पडला की वरची काळी साल फुटते आणि पापुद्रे उडून खाली पडतात. हे पापुद्रे म्हणजे कॉपर ऑक्साइड. वरून काळे, आणि उलटून पाहिले तर आतली बाजू विटकरी लाल. तिथल्या काकांना म्हटलं, या खपल्या हव्यात. ते म्हणाले, "ताम्रभस्म करताय काय? मग वैद्याकडे जा की." फुकट मिळतील असा माझा समज होता. पण खपल्याही भंगारात वजनावर जातात, त्यामुळे भंगाराच्या भावानेच अर्धा किलो घेतल्या. ठोकाईच्या बाजूच्याच द्या, कल्हई आणि डाग देतात तिथल्या नकोत, एवढं मात्र बजावून सांगितलं. कथिलाची फारशी भीती नाही. इजिप्तमधल्या जुन्या नमुन्यांतही कथील सापडतं, कारण त्यांनी काशाचं भंगार वापरलं होतं. भीती डागातल्या शिशाची आहे.

१४ नोव्हेंबर

खपल्या साफ करण्यात संध्याकाळ गेली. कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलं तर त्याला काळी दाढी फुटली. हातोडे आणि ऐरणींची झड. हे लोखंड राहिलं तर निळ्याऐवजी हिरवट रंग येणार, म्हणून चुंबकाला काही चिकटेनासं होईपर्यंत फिरवत राहिले. मग पाण्यात ढवळून राख आणि कोळशाची भुकटी वरच्या वर ओतून दिली. अर्ध्या किलोतला बराच माल निव्वळ केरच निघाला.

कुटायला चिनी मातीचा खल घेतला. लोखंडी खलबत्ता चालणार नाही, कारण तेच लोखंड परत आत येणार. मिक्सरचा विचार कोणाच्या मनात आला तर तो तिथेच सोडा. तांब्याचं ऑक्साइड खाण्याच्या भांड्यात जाता कामा नये. पुढे क्वार्ट्झची पावडर हाताळताना एन-९५ मास्क हवाच. ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर निघत नाही.

१७ नोव्हेंबर

वाळू. पुण्यात बसून इजिप्शियन निळा करायचा तर इथेच खरी अडचण आहे. आपल्या नद्यांची वाळू बेसॉल्टची, काळसर आणि लोहाने भरलेली. मुठेकाठची मूठभर वाळू वाळवून चुंबक फिरवलं तर तिच्यातूनही दाढी निघाली. दिवाळीची पांढरी रांगोळी उरली होती, तिच्यावर लिंबू पिळलं तर ती फसफसली, म्हणजे तिच्यात कार्बोनेट आहे. किती ते कसं कळणार? वजनाचा हिशोबच बसत नाही. शेवटी सिरॅमिकचं सामान विकणाऱ्याकडून क्वार्ट्झ पावडर आणि व्हायटिंग, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, घेतलं. दोन्ही स्वस्त आहे. व्हायटिंगच्या जागी शाळेचा खडू वापरू नका. आपल्याकडचा खडू बहुधा जिप्समचा असतो, म्हणजे सल्फेट. लिंबू पिळून पाहा, फेस आला नाही तर खडू परत डब्यात.

सोडा धुण्याचा, खाण्याचा नव्हे. बोहरी आळीत किलोने मिळतो. ओल धरतो, म्हणून तव्यावर कोरडा करून मगच वजन केलं.

वजनं: क्वार्ट्झ ६० ग्रॅम, व्हायटिंग २५, कॉपर ऑक्साइड २०. हे प्रमाण थेट सूत्रावरून निघतं. सोडा ५ ग्रॅम. तो रंगाचा भाग नाही, पण त्याच्यामुळे थोडा द्रव तयार होतो आणि त्या द्रवात बाकीच्यांची गाठ पडते.

२४ नोव्हेंबर

पहिली भट्टी वाया.

कोथरूडला एक ताई मातीकाम करतात, त्यांच्याकडे विजेची भट्टी आहे. आधी त्या तयार नव्हत्या. "तांब्याने माझ्या फळ्या बिघडवल्यास तर?" असं त्यांनी स्पष्ट विचारलं. भांड्याखाली क्वार्ट्झची पेर घातलेली बशी ठेवायची, सांडलं तर बशीत सांडेल, यावर तडजोड झाली. वेगळी भट्टी महाग पडते म्हणून त्यांच्या कच्च्या, म्हणजे झिलईआधीच्या भाजणीतच माझं भांडं घुसवलं. ती हजाराच्या आसपास जाते. भांडं म्हणून चहाचं मातीचं कुल्हड घेतलं होतं, वर झाकण.

निघालं ते बाटलीच्या काचेसारखं गडद हिरवं, तळाशी विटकरी लाल पट्टा, कडांना कुल्हड विरघळून घट्ट चिकटलेलं. हातोडीने फोडून काढावं लागलं.

कारणं ताईंनीच सांगितली. नोंदणीच्या काट्यावर हजार दिसतं, पण वरच्या फळीवर त्यांच्या शंकूंच्या (ठरावीक उष्णतेला वाकणारे मातीचे सुळके) हिशोबाने त्याहून चाळीसेक अंश जास्त असतात, आणि माझं भांडं वरच होतं. साधारण १०३० अंशांच्या पुढे हवेतसुद्धा काळं कॉपर ऑक्साइड प्राणवायू सोडून लाल व्हायला लागतं. त्यात झाकणामुळे आत हवाच नाही. निळा स्फटिकही त्या उष्णतेत सोड्याबरोबर विरघळून काच होतो. आणि कुल्हडच्या लाल मातीतलं लोखंड कडांमधून आत शिरलं. वाळू आणि खपल्यांमधून वेचून काढलेलं लोखंड मी भांड्याच्या रूपाने परत आत घातलं होतं.

८ डिसेंबर

पांढऱ्या मातीची भाजलेली वाटी, झाकण नाही, मधली फळी, ९०० अंश. स्वतंत्र भट्टी, बाराशे रुपये. त्या तापमानावर चार तास थांबवली.

राखाडी ढेप, आत निळे ठिपके. नख लावलं की भुगा होतो. ताईंना वाटलं फसलं. मला उलट हायसं वाटलं. हिरवं कुठेच नव्हतं, म्हणजे लोखंडाचं काम झालं. फक्त वेळ कमी पडला. हे सगळं घन अवस्थेतच घडत असतं, कणाला कण लागलेला असेल तिथेच निळं होतं. क्वार्ट्झचे कण भरड असले की आतला भाग कोराच राहतो.

ढेप परत कुटली, मलमलीतून चाळली, सोडा आणखी दोन ग्रॅम. पाण्याचा हात लावून लाडू वळले. रोमन लेखक विट्रुव्हियसने वाळू, सोडा आणि तांब्याचा कीस एकत्र मळून गोळे करून भट्टीत घालायची रीत लिहून ठेवली आहे. गोळ्यात कण दाबून जवळ येतात, हे कारण हातात घेतल्यावर लगेच पटतं. त्याने चुन्याचा मात्र उल्लेख केलेला नाही. बहुधा त्यांच्या वाळूतच शिंपल्यांचा चुना असावा. आपल्या क्वार्ट्झमध्ये तो नाही, तेव्हा त्याच्या शब्दावर विसंबून चुना वगळू नका.

२२ डिसेंबर

निळा!

८८० अंश, रात्रभर. सकाळी ताईंनीच फोन केला, "अगं, ये लवकर, तुझे लाडू निळे झालेत." बाहेरून फिकट आकाशी, वर पांढुरकी साय. एक फोडला तर आत जास्त गडद, आणि उन्हात धरल्यावर कणाकणाला चमक. एका लाडवाच्या पोटात जोंधळ्याएवढा काळा ठिपका निघाला. ती न कुटली गेलेली खपली. तिच्याभोवती गडद निळं कडं, आणि पुढे फिकट होत गेलेलं. भट्टीत काय चाललं होतं ते त्या एका तुकड्यात दिसतं, म्हणून तो तुकडा मी कुटला नाही, डबीत ठेवला आहे.

रात्रभराच्या विजेचे ताईंनी दोन हजार घेतले. त्यांच्या मीटरकडे पाहता कमीच म्हणायचे.

२९ डिसेंबर

दळण. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी बाकी सगळं वरवर वाचलं तरी चालेल, ही नोंद नीट वाचा.

रंग जितका बारीक तितका चांगला असं आपण गृहीत धरतो. तयार नळ्यांतले रंग तसेच असतात, बोटाला कण लागत नाही. इजिप्शियन निळ्याला हे लागू नाही. त्याचा रंग स्फटिकाच्या जाडीतून येतो. प्रकाश कणात शिरून जितका आत फिरतो तितका निळा होऊन बाहेर पडतो. कण फोडत गेलं की प्रकाश पृष्ठभागावरूनच परततो आणि पांढरा दिसतो. खऱ्या लाजवर्दीचं आणि अझुराइटचं, म्हणजे दगडापासून केलेल्या निळ्यांचंही तेच. प्रशियन निळा किंवा थॅलो निळा, हे कारखान्यातले कृत्रिम निळे वापरायची ज्यांना सवय आहे त्यांची इथे फसगत होते, कारण या निळ्यांचे कण मुळातच इतके सूक्ष्म असतात आणि रंग इतका जबर की कुंचल्याच्या टोकावर घेतलेली चिमूटही अख्खी बशी रंगवते.

म्हणून दळलं कमी आणि नितारलं जास्त. एक लाडू खलात फोडून, हलक्या हाताने, काचेच्या बरणीत पाणी घालून ढवळायचा. तीस सेकंद थांबायचं. वरचं निळं पाणी दुसऱ्या बरणीत ओतायचं, तळाचं पहिल्या बरणीत राहू द्यायचं. दुसरीत पाच मिनिटं थांबून वरचं तिसरीत. तिसरी रात्रभर. सकाळी तीन बरण्यांत तीन रंग बसलेले असतात. पहिलीत गडद, पण वाळूसारखा खरखरीत. दुसरीत मोरपिसाकडे झुकणारा, जलरंगाला योग्य. तिसरीत इस्त्रीच्या शर्टाचा फिकट निळा. पहिल्या बरणीतला माल परत खलात, पण तेवढाच. सगळा घोटून एकजीव करायचा मोह होतो. एक लाडू मी मुद्दाम तासभर घोटून पाहिला. हाती आली ती निळसर रांगोळी.

पहिली दोन-तीन पाणी फेकून द्या. त्यात न जुळलेला सोडा उतरतो. पाणी बुळबुळीत लागेनासं झालं की पुरे.

५ जानेवारी २०२५

भट्टीची पुढची पाळी मिळेपर्यंत एक आडवाट. वाघोलीच्या दगडखाणींतून कॅव्हान्साइट नावाचं निळं खनिज निघतं, पुण्याबाहेर जगात फार थोड्या ठिकाणी मिळतं. पहिल्यांदा सापडलं १९६७ साली, अमेरिकेत ओरेगॉनमध्ये, पण सुंदर नमुने वाघोलीचेच. सूत्र पाहिलं तर माझ्या लाडवांचा चुलतभाऊ. तेच कॅल्शियम, तेच सिलिकेट, फक्त तांब्याच्या जागी व्हॅनेडियम, आणि वर पाणी. दगड विकणाऱ्या एकाकडे नमुन्यांवरून झडलेला चुरा होता, तो चिमूटभर आणला.

खडा असताना डोळे दिपवणारा निळा. खलात तीन फेरे झाले आणि फिक्कट. कागदावर लावला तर कोणी विचारेल, पाणी सांडलंय का? त्यातून रंग करणं म्हणजे नमुन्याची नासाडी. चुरा परत डबीत.

१२ जानेवारी

डिंक. मंडईतून लाडवाचा डिंक आणला. दुकानदार म्हणाला, "एक नंबर धावडा आहे." लाडवाला असेलही. गरम पाण्यात रात्रभर ठेवला तर निम्मा विरघळला, निम्मा जेलीसारखा फुगून बसला. गाळता गाळेना. रंगासाठी बाभळीच्या जातीचा डिंक हवा, तो पूर्ण विरघळतो. मागताना नुसतं "डिंक" म्हणू नका, बाभळीचाच मागा, आणि घरी आणून एक खडा पाण्यात टाकून पाहा. खाली गोळा उरला तर परत करा.

डिंक एक भाग, गरम पाणी दोन भाग, गाळून त्यात मध आणि लवंगेच्या तेलाचा थेंब. मध पहिल्यांदा कमी पडला. पुण्यातली जानेवारीची हवा कोरडी, वड्यांना दुसऱ्या दिवशी उन्हाळी तळ्यासारख्या भेगा. भेगाळलेल्या वड्या पाण्यात परत भिजवून मध वाढवला. पावसाळ्यात हेच प्रमाण चिकट राहील, तेव्हा जूननंतर करणाऱ्यांनी हात आखडता घ्यावा.

घोटायला जाड काच आणि काचेचा सपाट बुडाचा पेपरवेट. खरा मलर, म्हणजे रंग घोटायचा काचेचा बत्ता, घेतला नाही. इथे रंग दळायचा नसून फक्त डिंकात भिजवायचा आहे, तेव्हा पेपरवेट पुरतो.

१९ जानेवारी

आपला निळा खरंच इजिप्शियन निळा आहे की नुसतीच निळी काच, हे घरी तपासता येतं. या रंगावर दृश्य प्रकाश पडला, विशेषतः लाल, की तो स्वतः अवरक्त प्रकाश सोडतो, ९१० नॅनोमीटरच्या आसपास. डोळ्याला तो दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. संग्रहालयांत जुन्या मूर्तींवरचे उरलेसुरले कण याच पद्धतीने शोधतात.

जुन्या बाजारात रविवारी एक वेबकॅम दीडशे रुपयांत मिळाला. आतली अवरक्त रोखणारी काच काढली. भिंगापुढे जुन्या रंगीत निगेटिव्हच्या रिळाचं काळं टोक, दुहेरी. ते दृश्य प्रकाश अडवतं आणि अवरक्त जाऊ देतं. खोलीत अंधार, वर लाल एलईडी दिवा. साधा पिवळा बल्ब चालणार नाही, त्याच्यातच भरपूर अवरक्त असतं आणि मग सगळंच चमकतं.

पडद्यावर काळ्या कागदावर माझे तीन ठिपके पांढरेशुभ्र. शेजारचे कपड्यांची नीळ, प्रशियन, थॅलो, तिन्ही गायब. ८ डिसेंबरच्या राखाडी ढेपेतले ठिपकेसुद्धा चांदण्यासारखे दिसले. पहिल्या भट्टीची हिरवी काच पूर्ण काळी. फोटो ताईंना पाठवला. त्यांचं उत्तर: "पुढच्या वेळी मला मडक्यावर लावायला दे." मडक्यावर झिलईखाली तो टिकणार नाही, वितळून हिरवा होईल, हे त्यांना सांगितलं. तरी हवाच म्हणाल्या.

२६ जानेवारी

तुलनेचं कार्ड. प्रत्येक निळ्याची पट्टी, निम्म्या पट्टीवर ओला चुना, निम्म्यावर पातळ आम्ल.

कपड्यांची नीळ पावडर म्हणजे कृत्रिम अल्ट्रामरीन. १८२४ साली फ्रान्समध्ये सहा हजार फ्रँकचं बक्षीस लावलं गेलं आणि त्यातून पुढे हा मिळवला गेला, कारण अफगाणिस्तानातल्या लाजवर्दीचा खरा अल्ट्रामरीन कोणाला परवडेना. आम्लाचा थेंब पडला आणि निळा डोळ्यांदेखत उडाला. सडक्या अंड्याचा वास. खिडकी उघडी ठेवून करा. चुन्याला मात्र तो बधला नाही. प्रशियन निळ्याचं नेमकं उलट. आम्लाला दाद नाही आणि चुन्यात भिजला की तांबूस तपकिरी. थॅलो निळा दोन्हींतून सुखरूप, पण कार्डाभर पसरला. इजिप्शियन निळा दोन्हीकडे जसाच्या तसा. रोमन लोकांनी तो ओल्या चुन्याच्या भिंतींवर का लावला, ते यावरून कळतं.

अमेरिकेतून आलेल्या मैत्रिणीने यिनमिन निळ्याची अर्धी वडी आणली होती, तीही कार्डावर चढवली. २००९ साली ओरेगॉन स्टेट विद्यापीठात, मास सुब्रमण्यन यांच्या प्रयोगशाळेत, इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा पदार्थ शोधताना अचानक हाती आलेला. इट्रियम, इंडियम, मँगनीज यांची ऑक्साइडं बाराशे अंशांच्या आसपास भाजून करतात. त्यातलं इंडियम महाग, म्हणून रंग महाग. आम्ल आणि चुना दोन्हींना तोही बधला नाही. अल्ट्रामरीन आणि कोबाल्टच्या मधला, घट्ट, स्वच्छ निळा. कागद पूर्ण झाकतो. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट हात, त्याच्याने द्यावासा मला वाटला नाही. माझ्या दुसऱ्या बरणीचा निळा कागदाच्या खड्ड्यांत बसून दाणेदार पसरतो, आणि वॉशला मला तेच हवं आहे. छतांना उष्णता परतवण्यासाठी यिनमिन उत्तम म्हणतात. ते खरं असावं, कागदावर त्याचा उपयोग काय?

२ फेब्रुवारी

खर्च. भट्ट्या, माल, वेबकॅम आणि वाया गेलेला डिंक धरून पाच हजारांच्या वर गेलाय. कुल्हड भट्टी टाळली असती आणि थेट रात्रभर थांबले असते तर निम्म्यात झालं असतं. हाती आल्या बारा वड्या, आणि पहिल्या बरणीतला भरड माल, जो मी भिंतीवर चुन्यात लावून पाहणार आहे.

पुढची भट्टी: क्वार्ट्झ आधीच जास्त बारीक दळलेला घ्यायचा, लाडू लहान, सोडा सात ग्रॅम, ८८० अंश, रात्रभर, मग फोडून परत एकदा रात्रभर. दुसऱ्या भाजणीने पोटातले काळे ठिपके जावेत. ताईंनी शिवजयंतीनंतरची तारीख दिली आहे, कारण तोपर्यंत त्यांच्या भट्टीत पणत्या, कुंड्या आणि कोणाच्या तरी लग्नाच्या शंभर वाट्या आहेत. कोणाला स्वतःचे लाडू त्याच भट्टीत घालायचे असतील तर आधी कळवा, वीज वाटून घेऊ. पण खपल्यांवर चुंबक फिरवून झालेलं असलं पाहिजे.